जलस्कूटर सुरू होत नाही तेव्हा

पावसाळा सरतो, समुद्राचा गढूळ रंग निवळतो आणि कळंगुट, बागा, कोलवा व तिकडे मालवण-तारकर्ली येथील वाळूवर, चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जलस्कूटरी पुन्हा दिसू लागतात. ज्यांच्या घरी पूर्वी केवळ होडी आणि जाळे होते, अशा कितीतरी कुटुंबांतील मुलगे आज पर्यटकांना या यंत्रावरून फिरवून आणण्याचे काम करतात. कोणी कर्ज काढून स्वतःचे यंत्र घेतलेले असते, कोणी दुसऱ्याच्या यंत्रावर रोजंदारीने राबतो. हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. त्यात यंत्र एक दिवस बंद राहिले तर त्या दिवसाची मिळकत बुडते. आणि ते किनाऱ्यापासून दूर बंद पडले, तर गोष्ट मिळकतीपुरती राहत नाही. म्हणून ज्या सदरात आजवर विहिरीवरील पंप, शिवणयंत्र आणि घरातील दुचाकी यांचा विचार झाला, त्यात आज आम्ही जलस्कूटर सुरू न होण्याची कारणे घेत आहोत.

बंद यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा स्वभाव बहुधा असा असतो की, तो एकदा बटण दाबतो, मग दुसऱ्यांदा दाबतो, आणि मग अधिक जोराने दाबतो. जणू जोराने दाबल्यास यंत्राला लाज वाटेल! त्यानंतर हाती येईल तो पाना घेऊन दिसेल तो भाग उघडण्यास आरंभ होतो. साप साप म्हणून भुई धोपटावी, तसा हा प्रकार. वास्तविक, सुरू न होणारे यंत्र गप्प असले तरी मुके नसते. बटण दाबल्यावर ते काय ऐकवते आणि काय ऐकवत नाही, एवढ्यावरून अर्धे निदान होते. आधी ऐकावे, मग पाहावे आणि शेवटी हात लावावा, हाच क्रम आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

यंत्राची रचना

प्रथम हे यंत्र आहे तरी कसे, ते थोडक्यात पाहू. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६०च्या दशकात पाण्यावर चालणाऱ्या मोटारसायकलीची कल्पना प्रत्यक्षात आणली. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली 'सी-डू' या नावाचे यंत्र बाजारात आणून पाहिले, आणि १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने 'जेट स्की' काढली. ती इतकी रूढ झाली की, आज कोणत्याही कंपनीच्या यंत्राला लोक जेट स्कीच म्हणतात. यामाहाची यंत्रे 'वेव्हरनर' या नावाने ओळखली जातात.

या यंत्राला होडीच्या मोटारीप्रमाणे बाहेर लोंबणारा पंखा नसतो. आसनाखाली बंद पोकळीत पेट्रोलचे इंजिन असते आणि त्याचा दांडा थेट मागील नळकांड्यातील पात्यांच्या पंख्याला जोडलेला असतो. हा पंखा तळाच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागील तोटीतून जोराने बाहेर फेकतो. त्या धारेच्या रेट्याने यंत्र पुढे जाते, तोटी वळवली की यंत्र वळते, आणि त्याच पाण्याचा थोडा भाग इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरवला जातो.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, इंजिन बंद पडले किंवा वेग सोडला की धार मंदावते आणि हँडल वळवूनही यंत्र वळत नाही. दुसरी अशी की, इंजिन व पंखा यांच्यामध्ये मोटारीसारखा क्लच नसल्याने पंख्यात दोरखंड अडकला तर इंजिनही जागचे हलत नाही. तिसरी अशी की, वाळूवर उभ्या यंत्रात थंडाव्याचे पाणी नसल्याने ते तेथे चालू ठेवता येत नाही; पाण्यावाचून १५ सेकंदांपेक्षा अधिक काळ इंजिन चालवू नये. ज्याच्या मनात ही रचना पक्की आहे, त्याला पुढील सारे सोपे जाईल.

बटणापूर्वी आसन

निदानास हात घालण्यापूर्वी एक नियम पाळावा. आसन उचलावे, आतील पोकळी पाच-दहा मिनिटे उघडी ठेवावी आणि नाकाने वास घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बंद पोकळीच्या तळाशी साठून राहते, आणि स्टार्टरची अथवा बॅटरीच्या सैल टोकाची एक ठिणगी तिला पुरते. वास तीव्र असेल तर बटणाला, बॅटरीला आणि तारांना हात लावू नये. आधी पेट्रोल कोठून पाझरते ते शोधावे, ते थांबवावे आणि पोकळीत वारा खेळू द्यावा. जवळ उभ्या असलेल्या मित्राच्या हातातील विडी-सिगारेट दूर करावी, हे सांगावयास नको. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्यास पुढील सर्व ज्ञान व्यर्थ आहे.

बटण दाबले, पण शांतता

आता बटण दाबावे. काहीच आवाज झाला नाही, तर सर्वप्रथम मनगटाकडे पाहावे. प्रत्येक जलस्कूटरला एक सुरक्षा-दोरी असते. तिचे एक टोक चालकाच्या मनगटाला किंवा तरंगजाकिटाला बांधावयाचे आणि दुसऱ्या टोकाची क्लिप हँडलजवळील खुंटीवर बसवावयाची. क्लिप जागेवर नसेल तर इंजिन सुरू होत नाही. सी-डूच्या अनेक नमुन्यांत या क्लिपमध्येच किल्ली असते. ती नीट बसली की दोन छोटे 'बीप' ऐकू येतात. ते ऐकू आले नाहीत तर किल्ली काढावी, तिच्यातील व खुंटीवरील वाळू आणि मीठ गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ती पुन्हा बसवावी. यामाहाच्या काही नमुन्यांत दूरनियंत्रकाने यंत्राला कुलूप लावण्याची सोय असते. ते कुलूप उघडे आहे ना, हे पाहावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा अनुभव या ठिकाणी पुष्कळांना येतो.

दोरी ठीक असेल तर बॅटरीकडे वळावे. पडद्यावरील आकडे उमटतच नसतील किंवा उमटून लगेच विझत असतील, तर संशय बॅटरीवरच घ्यावा. साध्या मीटरने मोजल्यास पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक दाखवते. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रितीच समजावी. पावसाळ्याचे चार महिने जोडलेल्या स्थितीत पडून राहिलेली बॅटरी ऑक्टोबरात निकामी आढळली, तर नवल नाही. ती बाहेर काढून, तिच्याच मापाच्या चार्जरने सावकाश भरावी. घाईघाईने मोटारीच्या बॅटरीची तार लावून यंत्र दामटण्याचा मोह टाळावा. त्या झटक्याने यंत्राचा इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे, लावताना धन टोक आधी जोडावे.

बॅटरी भरलेली असूनही शांतताच असेल, तर तिच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवट पूड पाहावी. खारे वारे हा तांब्या-पितळेचा शत्रू आहे. ती पूड ब्रशने घासून काढावी, टोके घट्ट करावीत आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. मग फ्यूज पाहावा. उडालेला फ्यूज बदलताना त्याच आकड्याचा घालावा. मोठ्या आकड्याचा घालणे किंवा चांदीच्या कागदाने काम भागवणे म्हणजे फ्यूजऐवजी तारा जाळणे होय. आणि नवा फ्यूज पुन्हा उडाला, तर दोष त्याचा नसून कोठेतरी तार उघडी पडली आहे, असे समजावे.

नकार आणि दुखणे

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावयाची आहे. दोरीची कटकट नको म्हणून काही ठिकाणी जुनी क्लिप खुंटीवर कायमची अडकवून ठेवतात, कोठे प्लॅस्टिकच्या पट्टीने खुंटी बांधून टाकतात, तर कोठे आतील दोन तारा एकत्र जोडून खुंटीचे कामच संपवतात. 'गिऱ्हाईक खोळंबते', 'क्लिप हरवली, नवी यायला वेळ लागेल', 'आम्ही काय पडणार आहोत?' अशी कारणे दिली जातात. यंत्र मग बटणासरशी सुरू होते, आणि दुखणे बरे झाले असे सर्वांना वाटते.

पण ते दुखणे नव्हतेच. तो यंत्राचा नकार होता, आणि नकार योग्य होता. चालक पाण्यात फेकला गेला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद व्हावे, यासाठी ही योजना आहे. दोरी नसेल तर चालकावाचून यंत्र पुढे जात राहते. पोहून ते गाठणे भल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. वेगाचा खटका मिठाने अडकून राहिला असेल, तर पुढची कल्पनाच केलेली बरी. बसून चालवावयाच्या जलस्कूटरचे वजन ३०० ते ४०० किलोच्या घरात असते, मोठी यंत्रे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास धावतात, आणि समोर कंबरभर पाण्यात मुले खेळत असतात. पाठीमागे बसलेला पर्यटक बहुधा पोहणाराही नसतो.

म्हणून, यंत्र सुरू होत नाही असे दिसताच, 'हे दुखणे आहे की नकार?' हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. दुखणे असेल तर उपाय करावा. नकार असेल तर मान्य करावा. क्लिप हरवली असेल तर त्या दिवशी यंत्र पाण्यात नेऊ नये. मालक म्हणेल, 'चालव, काही होत नाही.' नोकरीतील मुलाला अशा वेळी नाही म्हणणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. त्यासाठीच घरच्या वडीलमंडळींनी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. जास्तीच्या दोन क्लिपा विकत आणून ठेवणे हा या प्रश्नाचा फार स्वस्त उपाय आहे.

नुसता 'टक्'

बटण दाबल्यावर एकच 'टक्' असा आवाज होतो आणि पुढे काही नाही, किंवा 'टकटकटक' अशी मालिका ऐकू येते, हा दुसरा प्रकार. याचा अर्थ, आज्ञा पोहोचली. परंतु इंजिन फिरवण्याचे बळ नाही अथवा ते फिरण्यास मोकळे नाही.

मालिका ऐकू येत असेल तर बहुधा बॅटरी अशक्त आहे. बटण दाबलेले असताना मीटर १० व्होल्टच्या खाली घसरला, तर एरवी ती १२.६ दाखवत असली तरी तिच्यात दम नाही, असे जाणावे. बॅटरी सशक्त असून एकच 'टक्' होत असेल, तर इंजिनाला जोडलेली ऋण तार सैल वा गंजलेली आहे का ते पाहावे. त्यानंतर स्टार्टरला वीज देणारा रिले आणि मग स्वतः स्टार्टर, ज्याला आपले मेकॅनिक 'सेल्फ' म्हणतात, यांची पाळी येते.

पण सेल्फ उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. कारण रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे येथे वारंवार घडते. एक म्हणजे पंखा. वाळूवर यंत्र घेऊन, दोरी काढून, तळाची जाळी आणि मागील नळकांडे तपासावे. जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकची पिशवी किंवा एखादा गोटा पात्यांत अडकला असेल, तर इंजिन जागचे हलणार नाही. अडकलेली वस्तू आकड्याने किंवा सुरीने सोडवावी. परंतु क्लिप खुंटीवर असताना त्या नळकांड्यात कधीही बोट घालू नये. पंखा आणि इंजिन एकाच दांड्यावर आहेत, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट म्हणजे सिलिंडरात शिरलेले पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असेल तर दट्ट्या वर येऊन त्यावर अडतो आणि इंजिन 'टक्' करून थांबते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबल्यास आतील दांडा वाकण्याचा संभव असतो. यंत्र नुकतेच उलटले असेल, ओढून आणले असेल किंवा नळीने धुतले असेल, तर हा संशय प्रथम घ्यावा. स्पार्क प्लग सर्व काढावेत. त्यांच्या तारांतून उघड्या भोकांजवळ ठिणगी पडू नये, यासाठी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्या तारा बंदोबस्ताने ठेवाव्यात. सी-डूच्या चार-स्ट्रोक इंजिनांत वेगाचा खटका पूर्ण दाबून धरला आणि मग बटण दाबले, तर पेट्रोल व ठिणगी दोन्ही बंद राहून इंजिन नुसते फिरते. ती सोय याच कामासाठी आहे. प्लगच्या भोकांसमोर तोंड न ठेवता, बटण थोडे थोडे दाबून पाणी बाहेर फेकू द्यावे. चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल कांडीवर दुधाळ दिसले, तर पाणी तेलापर्यंत पोहोचले आहे. तेल बदलल्यावाचून इंजिन सुरू करू नये. आत खारे पाणी गेले असेल तर 'उद्या पाहू' म्हणू नये. काही तासांतच गंज चढू लागतो. पाणी काढून, सिलिंडरात थोडे तेल सोडून, त्याच दिवशी यंत्र जाणकाराच्या हाती द्यावे.

फिरते, पण पेटत नाही

तिसरा प्रकार अधिक आढळतो. सेल्फ जोमाने फिरतो, परंतु इंजिन पेट घेत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: योग्य पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी आणि सिलिंडरात हवेचा पुरेसा दाब. या तिन्हींची चौकशी याच क्रमाने करावी. मध्यंतरी बटण एका वेळी ५ ते १० सेकंदांहून अधिक दाबू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी विश्रांती द्यावी. नाहीतर रोग शोधता शोधता सेल्फ जळेल.

पेट्रोलचे पाहू. टाकीत ते आहे का, हा प्रश्न विचारण्यास कोणी लाजू नये. जुन्या कार्बुरेटरच्या यंत्रांत पेट्रोलची चावी असते. ती बंद राहिलेली नाही ना, ते पाहावे. मग पेट्रोलचे वय विचारावे. आज आपल्या देशातील पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि जलस्कूटरींच्या बहुतेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा देतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हा ओलावा इतका साठतो की, इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात व तळाशी बसतात. आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. शिवाय जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या या मिश्रणाने फुगतात आणि त्यांचे कण गाळणीत अडकतात. म्हणून चार महिने पडून राहिलेले पेट्रोल वापरू नये. थोडेसे काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरावे. तळाशी वेगळा थर दिसला, रंग गडद झाला असला किंवा वार्निशसारखा वास आला, तर टाकी रिकामी करावी, गाळणी बदलावी व ताजे पेट्रोल घालावे. कार्बुरेटरच्या सूक्ष्म भोकांत जुन्या पेट्रोलचा चिकटा बसला असेल, तर तो उघडून साफ करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ठिणगी. स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर सिलिंडरात पेट्रोल पोहोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचते, पण पेटत नाही. अशा वेळी जुन्या यंत्रात चोक बंद करून, वेगाचा खटका पूर्ण उघडून काही सेकंद इंजिन फिरवल्यास जास्तीचे पेट्रोल बाहेर पडते. प्लगवर काळी तेलकट काजळी असेल किंवा टोक झिजले असेल, तर साफ करीत बसण्यापेक्षा नवा प्लग घालावा. प्लग प्रथम बोटांनीच फिरवून बसवावा आणि शेवटी पान्याने आवळावा. तिरका गेलेला प्लग सिलिंडरचे आटे बिघडवतो. प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी रीत या यंत्रात धोक्याची आहे, कारण पोकळीत पेट्रोलची वाफ असू शकते. त्यासाठी मिळणारे बंदिस्त ठिणगी-परीक्षक वापरावे.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असूनही यंत्र पेटले नाही, तर दाब मोजावा लागतो. ते काम मेकॅनिककडे सोपवणे बरे. सर्व सिलिंडरांचे आकडे साधारण सारखे हवेत. एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा १० टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर दट्ट्याची कडी किंवा झडप झिजली आहे, असा तर्क करता येतो.

कधी यंत्र सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते आणि गुदमरून थांबते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. अशा वेळी टाकीत हवा येण्याची नळी चोंदलेली नाही ना, ते पाहावे. टाकीचे झाकण सैल करताच 'फुस्स' असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि यंत्र सुरळीत चालू लागले, तर दोष सापडला. झाकण मात्र पुन्हा घट्ट लावावे; सैल झाकण घेऊन समुद्रात जाऊ नये.

आपल्याच हाताने लावलेली दुखणी

यंत्राची पुष्कळ दुखणी आपण आपल्याच हातांनी लावून घेतो. संध्याकाळी काम संपल्यावर यंत्राच्या नळ्यांतून गोडे पाणी फिरवावे लागते. त्याचा क्रम असा: आधी इंजिन सुरू करावयाचे, मग नळ सोडावयाचा, थांबवताना आधी नळ बंद करावयाचा, वेगाचा खटका दोन-चार वेळा दाबून आतील पाणी बाहेर काढावयाचे आणि मग इंजिन बंद करावयाचे. हा क्रम उलटला तर बंद इंजिनात पाणी चढते. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतून ते मागे सरकत सिलिंडरापर्यंत पोहोचते आणि सकाळी तोच 'टक्' ऐकू येतो.

यंत्र उलटले तर कोणत्या बाजूने सरळ करावयाचे, हे मागील बाजूच्या चिठ्ठीवर बाणाने दाखवलेले असते. त्याच बाजूने फिरवावे. विरुद्ध बाजूने फिरवल्यास धूरनळीतील पाणी इंजिनात उतरते. बंद यंत्र होडीने ओढून आणताना वेग ताशी ८ किलोमीटरच्या आत ठेवावा. अधिक वेगाने ओढल्यास तळातून पाणी रेटून आत शिरते. पुस्तिकेत सांगितले असेल तेथे पाण्याची नळी चिमट्याने दाबून ठेवावी. यंत्र किनाऱ्यावर आणल्यावर मागील बुचे काढून पोकळीतील पाणी वाहू द्यावे, आणि पाण्यात नेण्यापूर्वी ती बुचे घट्ट लावल्याची खात्री करावी.

पावसाळ्यापूर्वी बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा भरावी, टाकीतील पेट्रोलची व्यवस्था करावी आणि सिलिंडरात थोडे तेल सोडावे. जूनमध्ये दिलेला एक दिवस ऑक्टोबरातील आठ दिवस वाचवतो.

समुद्रात बंद पडल्यास

हे सारे निदान वाळूवर करावयाचे. किनाऱ्यापासून दूर यंत्र बंद पडले, तर दोरी, पेट्रोल आणि तळाची जाळी एवढेच पाहावे. आसन उघडून पान्यांचा खेळ लाटांवर मांडू नये. एक लाट आत शिरली की पोकळी भरते. जाळीत काही अडकले असेल तर क्लिप काढल्यावरच पाण्यात उतरावे. दोन-तीन प्रयत्नांत यंत्र सुरू झाले नाही, तर बॅटरी संपवू नये. शिटी वाजवावी, हात वर करून खूण करावी आणि सर्वांनी यंत्राजवळच थांबावे. ते तरंगते आणि दुरून दिसते. पोहत निघालेल्या माणसाचे डोके लाटांत दिसत नाही. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत जाण्याचा विचार मनात येऊ देऊ नये. तरंगजाकीट प्रत्येकाच्या अंगावर आधीपासून असले पाहिजे. यंत्र बंद पडल्यावर ते घालणे साधत नाही.

शेवटी, हा क्रम एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून आसनाच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा:

१. आसन उघडा, वास घ्या, थांबा.
२. दोरी व क्लिप पाहा.
३. बटण दाबा आणि ऐका.
४. शांतता असेल तर बॅटरी, तिची टोके, फ्यूज.
५. 'टक्' असेल तर बॅटरीचे बळ, पंख्यातील अडथळा, सिलिंडरातील पाणी.
६. फिरत असेल तर पेट्रोल, प्लग, दाब.
७. उमगले नाही तर मेकॅनिक. आणि काय घडले ते त्याला खरे सांगा.

सातवे कलम आम्ही मुद्दाम घातले आहे. यंत्र उलटले होते, नळीचा क्रम चुकला होता किंवा जुनेच पेट्रोल घातले होते, हे मेकॅनिकपासून लपवले तर तो दोन दिवस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो आणि त्या दोन दिवसांचे पैसे आपणच भरतो.

ज्या घरातील मुलगा सकाळी या कामावर निघतो, त्या घरातील मोठ्या माणसांना बॅटरीचे व्होल्ट आणि प्लगचे आटे ठाऊक असण्याची गरज नाही. संध्याकाळी तो परत आल्यावर 'आज किती फेऱ्या झाल्या?' असे विचारण्यापूर्वी, 'दोरी मनगटाला होती ना?' एवढे त्यांनी विचारावे. हा प्रश्न रोज होत राहिला, तर दोरीही रोज मनगटाला बांधली जाईल.